मदार

इब्रीत रात्री साडेनऊला,
एसीचं पाणी बादलीत टपटपत असताना
मी विद्यार्थिनी व्हायची. वय एक्कावन्न.
स्क्रीनवर तेवीस चौकोन: सोहारचे दोघे, कुवेतच्या चौघी फिलिपिनो,
एक गृहस्थ रोज गाडीतूनच हजर,
मागे शारजाचं पार्किंग.
शिकवणाऱ्या लतीफाबाई मनाम्याच्या.

पहिल्या आठवड्यात अवतरणचिन्हं.
शब्दांना दोन्हीकडून चिमटीत धरा, म्हणाल्या,
मग ते सुटून भलतीकडे पळत नाहीत.
दुसऱ्या आठवड्यात उणे.
नको त्या शब्दाआधी एक आडवी रेघ,
की जाहिराती, हॉटेलं, सगळं गायब.
मी वहीत लिहून घ्यायची. तरुण मंडळी वहीला हसायची.
हसू देत.

चौथ्या आठवड्याचा गृहपाठ:
वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलात असं एक वाक्य घ्या
आणि ते कुठून आलं, ते शोधत मागे मागे जा.

आमच्याकडे म्हणतात,
नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ शोधू नये.
इथे नदीच नाही. वादी आहे,
एरवी कोरडी ठणठणीत,
आली की गाड्या घेऊन जाणारी.

मी वाक्य घेतलं: उंटाच्या मदारीत पाणी असतं.
सोपं म्हणून घेतलं, जेवायच्या आत संपेल म्हणून.
एकोणीस वर्षं, इयत्ता सहावी, धडा सातवा.
फळ्यावर उंट काढायची मी
आणि मदारीत निळा खडू भरायची.

दहा ठिकाणी तेच वाक्य,
दहाही ठिकाणी चुकीच्या जागी तोच स्वल्पविराम.
एकाने दुसऱ्याचं उचललेलं, दुसऱ्याने तिसरीचं,
आणि तिसरी माझ्यासारखीच कुणी बाई,
पोरांसाठी उत्तरं टाकून झोपायला गेलेली.
मग संशोधकांच्या निबंधांत शिरले, चष्मा पुसून.
चरबी.
मदारीत चरबी असते.
पोळ्या कधीच्या गार झाल्या होत्या.

हमूद उठून उभा राहिला होता एकदा.
कोणतं वर्ष? वादीने शाळेची भिंत नेली ते.
"मिस, पाणी नाही. शहम."
आजोबांचे उंट होते त्याच्या.
उपाशी उंटाची मदार एका अंगाला लवंडते, म्हणाला,
पाणी असतं तर चालताना वाजलं असतं.
वर्ग हसला.
मी विचारलं, पुस्तकात काय दिलंय?
बस खाली.
आणि चाचणीत अर्धा गुण कापला.

मदार. आमच्या भाषेत एकच शब्द,
उंटाच्या पाठीवर असते ती
आणि माणूस कुणावर तरी ठेवतो ती.
एवढं मराठी येत असून
मला हे कधी सुचलं नव्हतं.

त्याचं नाव चिमटीत धरून शोधलं.
इंग्रजीत एक ओ, मग दोन, मग यू.
अरबीत, उजवीकडून, एकेक अक्षर टिपत.
हजारो हमूद.
उणे फुटबॉल. उणे फर्निचर. उणे अत्तर.
तरी हजारो.

सकाळी बसवाल्या खमीसला विचारलं.
त्याने आरसा पुसायचंही थांबवलं नाही:
दुक्मला आहे, बंदरात, क्रेनवर. नंबर देऊ?

गृहपाठात 'स्रोत' या रकान्यात लिहिलं,
खमीस, बस क्रमांक चार.
लतीफाबाईंचा शेरा आला: पडताळून पाहा.

फोन लागला. मागे समुद्र होता की यंत्र, कळेना.
मी अर्ध्या गुणाचं सांगायला घेतलं,
तीनदा म्हणून पाहिलेलं, तरी अडखळले.
तो हसला.
मिस, पायसुद्धा चुकायचे तुमच्या उंटाचे.
मागचे गुडघे उलटे असायचे.

अरे, मग तेव्हा बोलला का नाहीस?

तुम्ही बस म्हणालात ना.